पांढरी सात

माझा स्वभाव जळका आहे. बायको म्हणायची, "तुम्हाला नेहमी दुसऱ्याच्याच ताटातला पापड मोठा दिसतो." दिसतो खरा. पण पुष्कळदा तो असतोही मोठा, हे काही तिने कधी मान्य केलं नाही.

मी पेटीवाला. हार्मोनियम म्हणा हवं तर, आम्ही पेटीच म्हणतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईहून इंग्लंडला आलो, वॉटफर्डच्या एका छापखान्यात बाइंडिंग खात्यात लागलो, आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं सोमवार ते शुक्रवार पुस्तकांच्या पाठी चिकटवल्या आणि रविवारी पेटी वाजवली. कुठे वाजवली म्हणाल, तर चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, शाळेच्या डायनिंग हॉलमध्ये, लायब्ररीच्या माडीवर, नाहीतर कुणा डॉक्टरच्या क्वार्टर्समध्ये सोफा भिंतीला लावून केलेल्या जागेत. चर्चच्या हॉलांना ओल्या कोटांचा आणि उकळून उकळून कडू झालेल्या चहाचा वास असतो. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा. स्टेज बहुधा नसायचंच. मग मुलांच्या व्यायामाच्या गाद्या ओढून त्यांवर कुणाच्या तरी घरची चादर घालायची. बसलं की गादी दबायची आणि पेटी एका अंगाला कलायची. समोर चाळीसेक माणसं, आणि मागच्या दाराशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा राहिलेला केअरटेकर. साडेसहाला हॉल रिकामा म्हणजे रिकामा. कितीतरी भैरव्या मी त्या किल्ल्यांच्या खुळखुळाटात संपवल्या आहेत.

रविवारी वाजवायचो त्याला कारण होतं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. घाणा गेला, कोकण सुटलं, मुंबईही सुटली, शनिवार तेवढा उरला. मी काही फार सोवळ्यातला माणूस नव्हे. पण वडील मराठीतून कीर्तन करायचे, मोशेचं आख्यान, योसेफाचं आख्यान, आणि त्यांच्या मागे मी दहाव्या वर्षी पेटीला बसलो, तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत, भात्याला हात लावायचा नाही. मुंबईत ते सोपं होतं. सहा-सातला सूर्य बुडाला की शनिवार संपला. इंग्लंडात जून महिन्यात दहापर्यंत उजेड! आकाशात तारे दिसेपर्यंत इथली मैफल संपून लोक घरी जाऊन झोपलेले असायचे.

तेव्हा आमच्या भागातल्या मराठी मंडळाने आपले सगळे कार्यक्रम रविवारी ठेवायला सुरुवात केली. मंडळातले बहुतेक लोक हॉस्पिटलांतले डॉक्टर आणि त्यांच्या घरचे. गणपती असो, कोजागिरी असो, कुणीतरी म्हणायचंच, "अरे, काकांचा सॅटर्डे असतो ना, संडेला ठेवू." हे वाक्य ऐकलं की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. इतके शिकलेले लोक एका बाइंडरसाठी आपला वार बदलतात! खरं कारण इतकंच होतं, की दुसरा पेटीवाला नव्हता. ते मला ठाऊक होतं, पण मी त्याच्याकडे बघत नसे.

मग तो आला.

तो रीडिंगच्या बाजूला एका हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर होता. नागपूरकडचा, तिशी नुकतीच ओलांडलेला. दिवाळीच्या फराळाला प्रथम भेटला. जेवणं झाल्यावर अगदी वाकून मला म्हणाला, "काका, तुमची परमिशन असेल तर जरा हात फिरवू का पेटीवर?" मी उदारपणे "फिरवा की" म्हटलं. मला वाटलं, दोन भजनं वाजवील आणि चुकेल.

तो चुकला नाही. त्याची बोटं लांब, आणि पट्ट्यांवर पडताना आवाज करायची नाहीत. माझी बोटं जाड, सरसाने कडक झालेली. मी वाजवतो तेव्हा लोक गाणाऱ्याचं ऐकतात. त्याने वाजवलं तेव्हा लोक गाणं राहू द्या म्हणून त्याच्याकडेच बघायला लागले. एका वहिनींनी माझ्या हातातला चहाचा कप जाता जाता नेला, मी अर्धासुद्धा प्यायलो नव्हतो. घरी येताना गाडीच्या डब्यात बायको म्हणाली, "किती गोड वाजवतो नाही तो?" मी म्हटलं, "तालात कच्चा आहे." तो तालात कच्चा नव्हता. मला दुसरं काही सापडलं नव्हतं.

वर्षभरात कार्यक्रम हळूहळू शनिवारी सरकले. कुणी मला मुद्दाम डावललं असं नाही. रविवारी दुसऱ्या दिवसाची ड्यूटी असते, मुलांची शाळा असते, सगळं खरंच होतं. पूर्वीही ते खरंच होतं. मी शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्यांसमोर बसायचो आणि तोंडाने आशीर्वाद म्हणताना मनात हिशेब चालायचा, की आता उद्या तो कुठल्या हॉलमध्ये, कोणत्या गादीवर बसून कोणाला साथ करत असेल. देवासमोर बसून दुसऱ्याच्या बोटांचा विचार करणारा माणूस मी एकटाच असेन.

आता माझ्या पेटीबद्दल सांगायला हवं. ती मी मुंबईहून बोटीने आणली होती. सूर गोड, भाता नरम. पण इंग्लंडच्या ओलाव्याने तिच्या पट्ट्यांचं लाकूड फुगायचं. बाकीच्या पट्ट्या उन्हाळ्यात सुधारायच्या, एक सुधारेना. मधल्या सप्तकातली पांढरी सात, म्हणजे सातवी पांढरी पट्टी. हलक्या हाताने वाजवली तर काही कळायचं नाही. दाबून, सूर धरून ठेवला की मात्र ती शेजारच्या पट्टीला घासून खालीच बसायची आणि बोट उचललं तरी सूर रडत राहायचा. मला त्याची सवय झाली होती. सूर सोडता सोडता मी करंगळीच्या टोकाने ती पट्टी खालून उचलायचो. ऐकणाऱ्याला पत्ता लागायचा नाही, मलाही लागेनासा झाला होता. पेटीच्या खोक्याच्या झाकणात एक छोटा खण होता, त्यात पेचकस, मेणाचा तुकडा, लाकूड घासायचा काचकागद असलं सामान असायचं. पट्टीच्या कडेवर काचकागदाचे चार हात मारले असते तर काम झालं असतं. ते दोन वर्षं राहून गेलं.

आणि अशात बातमी आली, की बाई येताहेत.

बाई म्हणजे एके काळच्या संगीत नाटकांतल्या नामांकित गायिका. रीडिंगला त्यांचा मुलगा इंजिनियर होता, त्याच्याकडे तीन महिने राहायला येणार होत्या. मंडळाने त्यांचं गाणं ठरवलं. इतरांना त्याचं अप्रूप होतंच, पण माझं त्यांच्याशी जे जुनं नातं होतं ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं. ऐन विशीत मी त्यांच्याच नाटक कंपनीत चार वर्षं होतो. कंपनीचा मोठा ऑर्गन वाजवायला एक वस्ताद होते, पायाने भाता मारत खाली पिटात बसायचे. मी दुय्यम. माझं काम विंगेत अंधारात छोटी पेटी घेऊन बसायचं आणि प्रवेशाआधी बाईंना सूर द्यायचा. एक सूर. बाई डोळे मिटून तो घ्यायच्या आणि प्रकाशात निघून जायच्या, मग पुढचे चार तास वस्तादांचे. मी रोज वाट बघायचो, की हा माणूस एक दिवस तरी आजारी पडेल. चार वर्षांत त्याला साधी सर्दी झाली नाही. माझ्या जळण्याची तालीम अशी लवकर सुरू झालेली आहे.

मला आयुष्यात एकदा बाईंना साथ करायची होती. बाकी माझ्या मागण्या फार नव्हत्या. त्यात मंडळाला शनिवारी हॉल मिळाला नाही, कार्यक्रम रविवारी ठरला. मला वाटलं, देवानेच माझ्यासाठी वार राखून ठेवला. मी पेटी रोज काढून बसू लागलो. बायको म्हणाली, "कुणी सांगितलंय का तुम्हाला?" मी म्हटलं, "सांगायला कशाला हवं? रविवार आहे."

फोन आला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा. "काका, यू मस्ट कम हं. बाईंना डॉक्टर साथ करताहेत. तुमच्यासाठी फ्रंट रोमध्ये चेअर ठेवतेय, अगदी मधली." मी "बरं" म्हटलं, आणि फोन ठेवून परसात जाऊन उभा राहिलो. शेजारचा म्हातारा कोबीला पाणी घालत होता. त्याच्या कोबीचाही मला त्या दिवशी राग आला.

जाणारच नव्हतो. पण कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, घरातला फोन दुपारपासून चारदा वाजला. आम्ही उचलत नसू. तारे दिसल्यावर पाचव्यांदा वाजला तेव्हा उचलला. डॉक्टर होता, आवाज पार उतरलेला. त्याच्या क्वार्टर्समधल्या हीटिंगने त्याच्या पेटीच्या भात्याची फळी तडकली होती. "काका, तुमच्याशिवाय कुणाला विचारणार? उद्या मॉर्निंगला मी गाडी घेऊन येतो, पेटी नेतो, तुम्हाला दोघांनाही नेतो."

पेटी माझी, वाजवणार तो, आणि मी समोर मधल्या खुर्चीवर! मी म्हटलं, "यायची गरज नाही. माझी पेटी मीच घेऊन येईन."

बायकोने येणार नाही म्हणून सांगितलं, तिचे गुडघे दुखत होते. एप्रिलातला रविवार, पाऊस बारीक पण न थांबणारा. वॉटफर्डहून यूस्टन, तिथून पॅडिंग्टन, तिथून रीडिंग, स्टेशनपासून पुढे बस, आणि प्रत्येक ठिकाणी ते खोकं या हातातून त्या हातात. गाडीने आणली असती तर पेटी कोरडी राहिली असती आणि त्याला दोन तास हात बसवायला मिळाले असते. हे मला वाटेत स्लाउच्या आसपास नीट कळलं होतं. कळूनही मला बरंच वाटलं.

हॉलवर पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते, गाणं तीनला. बाई हॉलच्या स्वयंपाकघरात इलेक्ट्रिक हीटरपाशी शाल गुंडाळून बसल्या होत्या. किती लहान झाल्या होत्या! मी नमस्कार केला, कंपनीचं नाव सांगितलं, म्हटलं, "बाई, विंगेत सूर द्यायचो मी तुम्हाला. चार वर्षं."

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. प्रयत्न केला त्यांनी, खोटं कशाला बोलू. मग म्हणाल्या, "असाल हो. किती जण होते. ते ऑर्गनवाले आठवतात मला, काय हात होता त्यांचा!"

मी बाहेर आलो. डॉक्टर गादीवर पेटी पुढ्यात घेऊन बसला होता. तिन्ही सप्तकांवरून भराभर बोटं फिरवली त्याने, हलकी, जशी त्याची सवय होती. सगळे सूर स्वच्छ बोलले. त्याने मान वर करून विचारलं, "काका, पेटीबद्दल काही सांगायचंय का? एनी प्रॉब्लेम? प्रत्येक पेटीचं काहीतरी असतं ना."

मी त्याच्या बोटांकडे बघत होतो.

"नाही," मी म्हटलं. "छान आहे पेटी."

आणि पुढच्या रांगेत मधल्या खुर्चीवर जाऊन बसलो.

बाईंनी पट्टी काळी तीनची घेतली, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीवर त्यांचा सा. पहिलं पद भूपातलं होतं. भूपात मध्यम लागतच नाही, आणि काळी तीनच्या हिशेबाने मध्यम म्हणजेच पांढरी सात. पहिली पंधरा मिनिटं काहीच झालं नाही. आवाज थकलेला होता, पण जागा तीच, नेमकी तीच. डॉक्टर इतका सुंदर वाजवत होता की मला वाटलं, पट्टी नाहीच चिकटली तर? दोन वर्षांत कधी नव्हे ती आजच सुधारली असली तर? मी खुर्चीत बसून लाकूड फुगण्याची प्रार्थना करत होतो. एवढ्या मनापासून मी सिनेगॉगमध्ये कधी केली नसेल.

दुसरं पद खमाजातलं. दुसऱ्याच ओळीत बाई मध्यमावर थांबल्या, डॉक्टरने तो सूर दाबून धरला, बाई खाली गंधारावर उतरल्या, आणि मध्यम तसाच रडत राहिला. गंधाराच्या अंगावर मध्यम म्हणजे दाताखाली खडा. डॉक्टरचा चेहरा पांढरा पडला. त्याने ती पट्टी पुन्हा दाबली, झटकली, सूर काही थांबेना. तबलजी वळून बघू लागला. मागे कुणाचं तरी मूल हसलं. मला आनंद झाला. कसला आनंद झाला ते सांगता येत नाही, इतका झाला. आणि दुसऱ्याच क्षणी बाईंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. परमुलखात, पोरासोरांपुढे, सत्तरीच्या उंबरठ्यावर ती बाई बेसूर ठरत होती, आणि ते मी केलं होतं. त्याचा विचारच माझ्या डोक्यात आला नव्हता. माझ्या डोक्यात फक्त तो होता.

बाईंनी डोळे मिटले. विंगेत मिटायच्या तसेच. दोन मात्रा गप्प राहिल्या. मग त्या रडणाऱ्या मध्यमालाच त्यांनी आपला षड्ज मानला, आणि खालच्या आवाजात तिथूनच दुसरी चीज उचलली, जणू पहिल्यापासून तेच ठरलं होतं. चिकटलेला सूर आता तंबोऱ्यासारखा त्यांच्या गाण्याखाली वाजत राहिला. डॉक्टरने पेटीवरचा उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, नुसता भाता मारत राहिला. लोकांना वाटलं, काहीतरी उच्च प्रकारचं चाललं आहे. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत.

मध्यंतरात चहा आणि बटाटेवडे होते. मी कप घेऊन कोपऱ्यात उभा राहिलो. डॉक्टर गादीवर गुडघे टेकून पेटी उघडून बघत होता, मग शेजारी पडलेलं खोकं बघितलं, मग उठून बाईंपाशी गेला. मला ऐकू आलं. "माझीच मिस्टेक, बाई. इन्स्ट्रुमेंट नीट चेक नाही केलं मी." मग तो माझ्याकडे आला. मला वाटलं, आता विचारणार. उत्तर तयार ठेवलं होतं, की पावसाने झालं असेल.

तो म्हणाला, "काका, सेकंड हाफ तुम्ही वाजवा. तुमच्या हातातली पेटी आहे. मी तंबोरा धरतो."

नाही म्हणायला हवं होतं. माणूस म्हणून जर मी काही असेन तर तिथे नाही म्हणायला हवं होतं. मी कप खिडकीत ठेवला आणि जाऊन बसलो.

मी वाजवलं त्या दिवशी. ते मात्र कुणी हिरावून घेऊ शकत नाही. बाईंच्या डाव्या हाताला, एका फुटावर बसून, पाऊण तास. त्यांच्या कितीतरी जागा मला चार वर्षांच्या अंधारातून पाठ होत्या. त्या श्वास कुठे घेणार ते मला त्यांच्या आधी कळत होतं, आणि श्वासाच्या त्या फटीत मी सूर ठेवत होतो. एकदा त्यांनी माझ्याकडे वळून "वा" म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि प्रत्येक मध्यमानंतर माझी करंगळी आपोआप उठत होती, पट्टीच्या खाली जात होती आणि ती अलगद वर उचलत होती. चाळीस वेळा, पन्नास वेळा. पहिल्या पदाच्या मध्यावर ते माझ्या लक्षात आलं. थांबवावं तर सूर चिकटणार, न थांबवावं तर सगळं उघडं. माझ्या उजव्या खांद्यामागे डॉक्टर तंबोरा धरून बसला होता. तिथून त्याला माझा हात आणि ती पट्टी यांशिवाय दुसरं काही दिसणं शक्य नव्हतं. तंबोऱ्याची लय जराही बदलली नाही. मी वळून बघितलं नाही. भैरवी संपेपर्यंत माझी मान अवघडून गेली होती.

कार्यक्रम संपला, किल्ल्या वाजू लागल्या. मी बाईंच्या पाया पडलो. त्या शाल सावरत म्हणाल्या, "हात चांगला आहे हो तुमचा." मग आवाज खाली आणून, फक्त मला ऐकू येईल असं, "करंगळीला सगळं माहीत होतं की. तोंडाला काय झालं होतं?"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मुलगा कोट घेऊन आला तशा उठून गेल्या.

मला स्टेशनवर जायचं होतं, पण डॉक्टरने पेटी आधीच आपल्या गाडीत ठेवली होती. वॉटफर्डपर्यंत सोडतो म्हणाला. सबंध वाटेत आम्ही रस्त्यांबद्दल बोललो. नवा मोटरवे किती सोयीचा झालाय, वायपर जरा घासतो आहे, असलं. एकदाही त्याने पेटीचा विषय काढला नाही. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्याचा आणखी दहा वर्षं सुखाने मत्सर केला असता.

आमच्या दारापुढे पाऊस थांबून संध्याकाळचं ऊन पडलं होतं. त्याने खोकं उतरवून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "काका, ती पांढरी सात. थोडा काचकागद मारला की होईल, नाही?"

"हो," मी म्हटलं. "आहे माझ्याकडे."

"माहितेय," तो म्हणाला. "इंटर्व्हलमध्ये दिसला मला, झाकणातल्या खणात."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं आहे, नव्हता. मध्यंतर वीस मिनिटांचं होतं, आणि पट्टी घासायला पाच पुरतात. काचकागद हातात होता त्याच्या. पट्टी सुधारून तोच परत बसला असता, दुसरा भाग त्याने कुठच्या कुठे नेला असता. त्याऐवजी त्याने खण बंद केला आणि माझ्याकडे आला.

आणि दोन वर्षं मी तो काचकागद का काढला नव्हता, हे माझ्याही आधी त्याला कळलं होतं. पट्टी चिकटत होती तोवर ती पेटी माझ्याशिवाय कुणाला वाजवता येणार नव्हती.

गाडी वळून गेली. बायको गुडघे धरत दाराशी आली. "इतका उशीर? कसं झालं गाणं?"

"मी साथ केली," मी म्हटलं. "बाईंना."

तिने दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, आणि लग्नानंतर क्वचितच रडलेली ती तिथे उंबऱ्यातच रडायला लागली. "मला ठाऊक होतं," ती म्हणत राहिली, "मला ठाऊकच होतं, कुणीतरी तुम्हाला ओळखील." त्या रात्री तिने शिरा केला. पुढे जो घरी येईल त्याला ती हे सांगायची, आणि मी शेजारी बसून मान हलवायचो.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी मी पट्टी घासली. चार हात मारले आणि ती सुटली. डॉक्टर त्यानंतर मंडळाच्या शनिवारच्या कार्यक्रमांना माझीच पेटी न्यायचा, मी शुक्रवारी ऊन असतानाच ती पुसून दाराशी ठेवायचो. करंगळी अजून उठते.